अ‍ॅसिड हल्ला: डोळा मिटत नाही म्हणून बँकेत केवायसी होत नाही. मदत हवी आहे (नाशिक)

नमस्कार मंडळी,

माझ्या मावसबहिणीवर दिवाळीनंतर अ‍ॅसिड हल्ला झाला. केस चालू आहे म्हणून जास्त तपशील देत नाही. आरोपी आत आहे, गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 124 खाली नोंदलाय. आज अडलंय ते भलत्याच ठिकाणी.

मनोधैर्य योजनेची मदत मंजूर झाली. पैसे तिच्याच खात्यात येणार, आणि ते खातं केवायसीअभावी बंद पडलंय. काल तिला घेऊन सातपूरच्या शाखेत गेले. ऊन रणरणतं, चेहऱ्यावर प्रेशर गारमेंट (व्रण दाबून ठेवणारा घट्ट कापडी मुखवटा, दिवसाचे तेवीस तास घालावा लागतो), त्यावर ओढणी. काउंटरवरच्या मुलानं मोबाइल समोर धरला. "डोळ्यांची उघडझाप करा." तिचा उजवा डोळा मिटतच नाही, खालची पापणी आखडून ओढली गेलीय. चार वेळा झालं नाही. पाचव्या वेळी तिनं बोटानं पापणी धरून वर ओढली, तर स्क्रीनवर आलं, चेहऱ्यासमोरून हात काढा. मागे रांग खोळंबलेली. मुलगा वाईट नव्हता, पण "सिस्टीम घेत नाही मॅडम" यापुढे त्याला काही सांगता येईना. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी चष्मा लावून बघू का?"

मला रात्रभर झोप नाही.

पापणीचं ऑपरेशन राहिलंय. रोज रात्री मी डोळ्यात मलम घालून पट्टी लावते. परवा पट्टी सुटली तर सकाळी डोळा लालभडक. उशीर केला तर बुबुळावर फूल पडेल, असं डॉक्टर म्हणतात. पहिल्या दिवशी ज्या खाजगी दवाखान्यात नेलं तिथं आधी डिपॉझिट भरायला लावलं, मावशीनं गळ्यातली पोत मोडली. आता तेच लोक अ‍ॅसिड हल्ल्याचा दाखला द्यायला टाळाटाळ करतात.

बँकेला नेमकं काय लिहून द्यायचं? आणि दवाखान्याचं काय करायचं?

प्रतिसाद १
ताई, शाखेत हुज्जत घालू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सर्वोच्च न्यायालयानं 30 एप्रिल 2025 ला नेमक्या याच अडचणीवर निकाल दिलाय, अर्ज करणारी बाई अ‍ॅसिड हल्ल्यातूनच वाचलेली होती. उघडझाप हाच एक मार्ग ठेवू नका आणि कागदावरची केवायसी चालू ठेवा, असं त्यात सांगितलंय. अर्जात निकालाची तारीख घाला. शाखेनं नाही म्हटलं तर ते लेखी मागा.

प्रतिसाद २
दवाखान्याबद्दल. खाजगी असला तरी मोफत उपचार बंधनकारक आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल 2015 चा आदेश आहे, त्यात औषधं, जेवण, खाट आणि पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियाही येतात. जिथं पहिल्यांदा नेलं त्याच दवाखान्यानं दाखला द्यायचा असतो. डिपॉझिटची पावती जपून ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तक्रार करा, वकील फुकट मिळतो. फोन 15100. शिवाय 2016 च्या दिव्यांग कायद्यात अ‍ॅसिड हल्ल्यातील व्यक्ती येतात, सिव्हिलमध्ये प्रमाणपत्राची चौकशी करा.
(माझ्या वहिनीचं हात भाजल्यावर ग्राफ्टिंग झालं होतं. आखडलेली कातडी किती छळते ते घरात पाहिलंय. त्यामुळे पापणीचं आधी बघा, बाकी कागद मागाहून.)

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. पावती सापडली, मावशीनं देवघराच्या खणात ठेवली होती. अर्ज बहीण स्वतःच लिहितेय, दोनदा खाडाखोड झाली. सोमवारी आधी बँक, मग सीबीएसजवळच्या कोर्टात, विधी सेवा प्राधिकरणाकडे. पापणीची शस्त्रक्रिया करणारे डोळ्यांचे डॉक्टर नाशिकमध्ये कुणाला माहीत आहेत का? की मुंबईलाच न्यावं लागेल?