होळकरांच्या काळातल्या त्या कादंबरीचा दुसरा भाग वाचून अजून कोणाकोणाची निराशा झाली? (स्पॉयलर आहेत, सांभाळून)

रामबागची:
संपवला एकदाचा. लायब्ररीत माझ्या आधी नऊ जणांचा नंबर होता म्हणून खजुरी बाजारात जाऊन विकत घेतला, आणि आता वाटतंय त्या नऊ जणांच्या मागे गुपचूप थांबले असते तर पैसे तरी वाचले असते.

ज्यांनी पहिला भाग वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. होळकरांच्या दफ्तरातला कारकून आणि महेश्वरच्या विणकर वस्तीतली मुलगी, काळ यशवंतराव गेल्यानंतरचा म्हणजे १८११ च्या पुढचा. अख्ख्या पुस्तकात दोघं भेटतात चार वेळा, बाकी सगळी पत्रं, आणि गंमत अशी की तिला वाचता येत नाही. सावकाराकडचा म्हातारा गुमास्ता तिला पत्र वाचून दाखवतो, मग हा बिचारा उघड लिहिणार काय, सुताचा भाव विचारतो, पाऊस कसा आहे विचारतो, आणि आपल्याला बरोब्बर कळतं तो काय विचारतोय ते. शेवट महिदपूरवर, इंग्रजांशी झालेल्या लढाईत. तो लष्कराबरोबर गेलेला, ती घाटावर, २१ डिसेंबर १८१७, पुस्तक बंद. रात्री दोन वाजता मी इतकी रडले की नवऱ्याने उठून विचारलं, कोण गेलं?

आणि आता हा दुसरा भाग. तो जगलाय (हुश्श), इंग्रजांशी मंदसौरचा तह झाला, राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, हाही बिऱ्हाड घेऊन इंदूरला. मग साठ पानं तह. कुठला मुलूख गेला, कोणाचा पगार थकला, इंग्रजांचा रेसिडेंट काय म्हणाला. पत्रं बंद! एकही नाही! शेवटच्या प्रकरणात दोघं एकदाच भेटतात आणि बोलतात काय तर सुताचा भाव. ही लव्हस्टोरी आहे की होळकरांचे दिवाण तात्या जोग यांचं चरित्र?

अर्धा_पोहे_जास्त_शेव:
ताई शंभर टक्के. मी तर तहाची पानं सरळ उलटली. आणि चुका बघितल्या का? १८१९ चा प्रसंग आहे, अंधारात ती ‘काडी ओढते’ आणि दिवा लावते. काडेपेटी विलायतेतच १८२७ मध्ये विकायला आली, ही महेश्वरला बसून आठ वर्षं आधीच ओढून राहिली. चकमक म्हण ना, किती छान शब्द आहे.

पुण्याहून_आलेली:
आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी 😂 आपण खातो तो टॅपिओकाचा साबुदाणा, सेलमकडे त्याचे कारखाने निघाले तेच १९४० च्या दशकात. इंदूरच्या सराफ्यात रात्री मिळते म्हणून होळकरांच्या काळातही मिळत असेल असं लेखिकेला वाटलं बहुतेक.

जुना_वाडा:
काडेपेटीची चूक मान्य, खिचडीचीही मान्य. पण साठ पानं तह म्हणून जो ओरडा चाललाय तो मला पटत नाही. अहो त्या तहानेच तर दोघांची वाट लावली. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, खानदेश गेला, राजपुतान्याची खंडणी गेली, होळकरांच्याच फौजेतल्या गफूरखानाला जावरा आणि अमीरखानाला टोंक कायमचं मिळून गेलं, फौज कमी झाली. आता महेश्वरी लुगडी घेणार कोण? दरबार उठून इंदूरला गेला, सरदारांच्या बायका गेल्या, मागण्या गेल्या. ज्या वस्तीला अहिल्याबाईंनी बाहेरून कारागीर आणून वसवलं त्या वस्तीत माग बंद पडायला लागले, आणि तिचा बाप कर्जात गेला तो याच्यामुळेच. ती पानं उलटलीत तर पुढे तिने त्या बिजवराशी लग्न का केलं ते कळणारच नाही. मग म्हणायचं कॅरेक्टर बदललं.

अर्धा_पोहे_जास्त_शेव:
काका कळलं हो, पण हे सगळं एका पानात सांगता येत नव्हतं का? तुम्ही आत्ता आठ ओळीत सांगितलंत आणि मला तुमचं जास्त कळलं.

मोडी_शिकतोय:
माझा राग वेगळाच आहे. सुरुवातीचं तुळसाबाईंचं प्रकरण, म्हणजे यशवंतरावांच्या मागे कारभार बघणाऱ्या बाईंचं. लढाईच्या आदल्या दिवशी आपल्याच फौजेतल्या लोकांनी त्यांना शिप्रेकाठी नेऊन मारलं, एवढी भयंकर गोष्ट, आणि लेखिकेने काय केलं तर तीच जुनी टेप, कारस्थानी, चंचल, देखणी बाई. ही प्रतिमा आली कुठून? बरीचशी जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याच्या लिखाणातून, आणि हा माल्कम महिदपूरला समोरच्या फौजेत होता, तह पण त्यानेच करून घेतला. जिंकणाऱ्याने हरलेल्या घरातल्या बाईबद्दल लिहिलेलं तुम्ही दोनशे वर्षांनी मराठी कादंबरीत तसंच्या तसं उतरवता? यशवंतरावांची मुलगी भीमाबाई मात्र घोड्यावर, तलवार घेऊन, चार पानं. म्हणजे लढली ती चांगली, राज्य सांभाळायला गेली ती वाईट.

पुण्याहून_आलेली:
हे बरोबर आहे. पण हा पहिल्या भागाचा पण दोष होता ना? तेव्हा आपण सगळे रडण्यात बिझी होतो म्हणून दिसला नाही.

मला खरं तर दुसरा भाग जास्त आवडला, आता मारा मला. पहिल्या भागात जातीचा विषयच नाही. दफ्तरातला ब्राह्मण कारकून आणि साळ्याची मुलगी, १८१५ साल, आणि दोघं नर्मदेच्या पायऱ्यांवर बसून पाणी बघतात, कोणी विचारत नाही? वाचताना गोड वाटतं पण खोटं आहे. दुसऱ्या भागात निदान त्याची आई एक वाक्य बोलते, “तिच्या हातचं लुगडं नेसते मी, तिच्या हातचं पाणी नाही पिणार.” बास. मी पुस्तक मिटून बसले पाच मिनिटं. आमच्या आजीच्या तोंडचं वाक्य वाटलं, आणि आजी काही १८१५ ची नव्हती.

रामबागची:
ते वाक्य मलाही लागलं, नाही म्हणत नाही. पण मग त्याने काय केलं त्याच्यावर? काहीच नाही! आईचं ऐकलं, राजवाड्याच्या बांधकामाचे हिशेब लिहीत बसला. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्याने जाळलेला राजवाडा परत उभा राहतोय, खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे, सागवान कुठून आलं, सुतार किती, हे सगळं त्याला दिसतं, बायको नाही करता आली ते दिसत नाही. एवढा थंड माणूस पहिल्या भागात नव्हता. त्याला आत काही होतंय हे एकदा तरी दाखवा ना.

जुना_वाडा:
दाखवलंय. तुम्ही प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीची खर्चाची याद वाचलीत का?

रामबागची:
ती बारीक टायपातली? तेल, मीठ, तांदूळ, धोबी? ती कोण वाचतं काका.

जुना_वाडा:
तिथेच तर सगळं आहे. गुमास्ता मेला आठवतं? तिसऱ्या प्रकरणात, एका ओळीत. आता पत्र लिहून उपयोग काय, वाचून दाखवणार कोण, आणि दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतलं तर गावभर होईल. म्हणून पत्रं बंद. पण त्याच्या पुढच्या यादीपासून बघा, तेल, मीठ, धोबी, आणि सगळ्यात शेवटी ‘जासूद, महेश्वर’, म्हणजे निरोप नेणारा माणूस. दर महिन्याला. पगार थकला त्या वर्षी याद अर्धी झालीये, तूप गेलं, तंबाखू गेली, जासूद आहे. रिकाम्या हातानेच पाठवतो तो त्याला. जासूद जाऊन वस्तीतून फिरून येतो, तिला दिसतो, एवढाच निरोप.

मोडी_शिकतोय:
आईशप्पथ. मी याद वाचल्या होत्या पण मला वाटलं दफ्तराचं कामकाज असेल.

अर्धा_पोहे_जास्त_शेव:
थांबा थांबा, हे जरा जास्तच होतंय. लेखिकेने प्रेम किराण्याच्या यादीत लपवायचं आणि वाचकाला सापडलं नाही तर वाचक ढ? पहिल्या भागात पण काही उघड नव्हतं, सुताचे भावच होते, तरी आम्हाला कळलं ना, कारण तिथे समोर ती होती, ऐकताना तिच्या हातातला धोटा थांबायचा. इथे यादीसमोर कोण आहे? कोणी नाही. मी चारशे पानं वाचायची, वर भिंग घेऊन मीठ-मिरची पण तपासायची, भिया एवढं तर मी स्वतःच्या घरचं बिल नाही बघत.

पुण्याहून_आलेली:
😂😂 पण हा मुद्दा खरा आहे. गुमास्ता मेला ही ओळ जरा तरी मोठी करायची ना. तो तिसरा माणूसच त्या प्रेमाचा कणा होता. मला तर वाटायचं त्याला सगळं कळतंय आणि तो मुद्दाम हळू वाचतोय.

जुना_वाडा:
मुद्दाम हळू वाचायचाच तो! पहिल्या भागात आहे, ‘चष्मा पुसायला त्याला फार वेळ लागे’.

रामबागची:
बरं. मी आत्ता उठून परत सगळ्या यादी वाचल्या, कुकरच्या तीन शिट्ट्या जास्त झाल्या, जेवण गेलं. काका तुमचं म्हणणं खरं आहे, जासूद सगळीकडे आहे. फक्त १८२३ च्या श्रावणातल्या यादीत नाही. मी दोनदा बघितलं. छपाईत राहिलं का?

मोडी_शिकतोय:
पूर असेल ताई. श्रावणात नर्मदा चढलेली, जासूद पलीकडे कसा जाणार.

जुना_वाडा:
पलीकडे कुठे? महेश्वर उत्तर काठावर आहे, इंदूरहून जाताना नर्मदा ओलांडावीच लागत नाही. जामचा घाट उतरला की झालं. लेखिका एवढी चूक करणार नाही.

अर्धा_पोहे_जास्त_शेव:
काडेपेटी केली की 😏

रामबागची:
नाही नाही, चूक नाहीये. सापडलं. तिथे जासूद नाही, पण धोब्याच्या खाली बघा: ‘भाड्याचे तट्टू, दिवस ६’.

पुण्याहून_आलेली:
म्हणजे स्वतः गेला??

अर्धा_पोहे_जास्त_शेव:
सहा दिवस? जाऊन येऊन सहा नाही लागत, पावसात धरले तरी नाही. कोणाकडे आहे पुस्तक, मी माझं परत केलं काल.