मदत हवी आहे: महोत्सवात स्टॉलची वीज कशी वाटावी?
२६ जानेवारीच्या जोडसुट्टीत गावातले कार्यकर्ते मैदानावर खाद्यमहोत्सव भरवतात. स्टॉल १८, सहांवर ओव्हन, प्रत्येकी २ किलोवॅट, बाकीच्यांना दिवे पुरतात. साउंड ५ किलोवॅट धरला की एकूण १८ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे २५ केव्हीएचा (साधारण २० किलोवॅट देणारा) जनरेटर काठावरच.

खरी अडचण टोकाच्या स्टॉलची. २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर १०० मीटर ओढली, की १६ अँपिअरला जवळजवळ २४ व्होल्ट वाटेतच जातात. मंडपवाला म्हणतो, चालतंय! मध्यावर डीबी (वीज वाटायची पेटी), तिथपर्यंत १० चौरस मिमीची फोर-कोअर केबल, ओव्हन दोन-दोन करून तिन्ही फेजवर, एवढं पक्कं. पण ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) एकच ठेवली तर एका ओल्या प्लगपायी सगळी रांग अंधारात. दर तीन स्टॉलला एक पुरेल, की प्रत्येकी हवी? आणि जनरेटरचं न्यूट्रल अर्थला कुठे जोडता, सेटपाशी की डीबीत?