वाकलेली स्टील रिम : ठोकायची, प्रेस करायची की भंगारात द्यायची? (अनुभव धागा)

पाणंद :
पाऊस सुरू झाला की पाण्याखालचा खड्डा कळत नाही, आणि टायरवाल्याकडे रिम घेऊन उभं राहायची वेळ येते. हा धागा अल्टो, वॅगनआर, टियागो, आय१० या वर्गातल्या छोट्या गाड्यांच्या साध्या पत्र्याच्या रिमांसाठी आहे. गॅरेजवाले, टायरवाले, घरच्या घरी पाना चालवणारे, सगळ्यांनी लिहा. विनंती एकच : गाडी कुठे आणि कशी आपटली ते नको. बेंड कुठला, तो कशाने निघतो आणि कधी निघत नाही, तेवढं लिहा. अलॉयचा विषय वेगळा, तो इथे आणू नका.

चौथा गिअर :
सुरुवात बेंड कुठे आहे इथून व्हायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. स्टीलची रिम दोन भागांची असते. बाहेरचं गोल कडं पत्रा रोल करून केलेलं, आणि मधली डिस्क प्रेस करून त्यात वेल्ड केलेली. कड्याचा पत्रा डिस्कपेक्षा पातळ. त्यात डिस्कचा आधार बाहेरच्या बाजूला जवळ असतो, आतली कड मात्र मोकळी. म्हणून खड्ड्यात आपटल्यावर बहुतेक वेळा आतली कड वाकते, जी उभ्या गाडीत दिसतच नाही. बाहेरची कड फुटपाथला घासून किंवा आपटून जाते.

१) नुसती कड वाकली : निघतो.
२) कडेखालचा जो पट्टा टायरची बीड (रिमवर बसणारी टायरची तारेची कड) धरतो, तो आत दबला : प्रेसवर निघू शकतो, पण हवा धरेल याची खात्री नाही.
३) डिस्क वाकली, नटची भोकं लांबट झाली, डिस्क आणि कड्याच्या वेल्डवर चीर दिसली : भंगार. इथे चर्चाच नको.

स्टील वाकतं, सहसा तुटत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण एकदा वाकवून सरळ केलेली जागा आधीपेक्षा कडक आणि ठिसूळ होते. तीच जागा दुसऱ्यांदा वाकली तर सरळ करायला देऊ नका.

हवापाणी :
बेंड आहे की नाही हे ओळखायला मशीन लागत नाही. हँडब्रेक ओढा, तिरक्या विरुद्ध बाजूच्या चाकाला दगड लावा, तपासायचं चाक जॅकवर घ्या. (पुढचं चाक असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये. मागचं असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना दगड हवेत आणि गाडी गिअरमध्ये.) जॅकखाली सपाट जमीन हवी, आणि गाडीखाली डोकं घालायचं नाही. जमिनीवर विटांचा थर लावून त्यावर स्क्रू-ड्रायव्हर असा ठेवा की टोक रिमपासून दोन-तीन मिलिमीटर लांब राहील. चाक हळू फिरवा. फट आत-बाहेर बदलत असेल तर चाक डुलतंय, खाली-वर बदलत असेल तर गोलाई गेली आहे. दोन्ही वेगळं मोजा. डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक) असेल तर उत्तम. स्टील रिमला साधारण एक मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो.

टोक कडेवर नको, बीडच्या पट्ट्याजवळ धरा. कडेवरचा छोटा चेप डोळ्याला मोठा दिसतो, पण टायर त्या कडेवर फिरत नाही.

कातरवेळ :
आधी व्हील कव्हर काढा! प्लास्टिकच्या झाकणामागे अर्धे बेंड लपतात.

चौथा गिअर :
लक्षणांची भर घालतो. ताशी ३०-४० किलोमीटरलाच स्टिअरिंग डावी-उजवीकडे डुलतं तेव्हा रिम किंवा टायर वाकडा. ८०-१००ला थरथर सुरू होते आणि पुढे कमी होते तेव्हा बहुधा बॅलन्सिंग. हादरा स्टिअरिंगऐवजी सीटखाली जाणवला तर मागची चाकं पाहा. बॅलन्सिंग मशीनवर एका बाजूला ५०-६० ग्रॅमच्या वर वजन मागत असेल तर वजनं ठोकत बसू नका. टायर उतरवून नुसती रिम मशीनवर फिरवायला सांगा. नुसती रिम सरळ फिरली तर दोष टायरचा. तसं असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवला की वजन बरंच कमी होतं.

लोखंडी चणे :
कड ठोकण्याची पद्धत लिहितो. फक्त कड वाकली असेल, बेंड बोटभर लांब असेल आणि कुठेही चीर नसेल तरच.

टायर पूर्ण उतरवायचा. हवा सोडून टायर रिमवरच ठेवून ठोकणारे पुष्कळ आहेत. काम झटपट होतं खरं, पण आतला पट्टा दिसत नाही आणि बीडची तार दुखावते. रिम उघडी झाली की तारेच्या ब्रशने गंज आणि रंग काढा. चीर रंगाखाली लपते. शंका आली तर डिझेल लावून पुसा, वरून खडू फासा आणि थोडा वेळ थांबा : चीर असेल तिथे खडू ओला होऊन रेघ उमटते.

मग रिम जाड रबरावर किंवा लाकडी ओंडक्यावर ठेवा. बेंडच्या मागे आधार म्हणून जड लोखंडी ठोकळा धरा, आणि एक-दीड किलोच्या हातोड्याने ठोका. सर्वात खोल जागी पहिला घाव घालायचा मोह होतो, तो टाळा. बेंडच्या दोन्ही टोकांपासून सुरू करून मध्याकडे या. मधोमध मारलं की पत्रा ताणला जातो आणि कडेला नागमोड येते, जी नंतर कशानेही जात नाही. घाव लहान, संख्या जास्त. चार-पाच घावांनंतर रिम फिरवून बघायची. कड बाहेर उघडली असेल तर मोठा ॲडजस्टेबल पाना तिच्यावर घट्ट अडकवून दांड्याने हळूहळू वळवता येते. हातोड्यापेक्षा हे सौम्य.

शेवटी कडेवरचे धारदार कंगोरे कानशीने मारा, नाहीतर नवा टायर चढवताना बीड कापली जाईल.

खडीसाखर :
आमच्याकडचे पंक्चरवाले गॅसने लाल करून मग ठोकतात. पत्रा मऊ पडतो, एका घावात बसतो. त्यात वाईट काय?

लोखंडी चणे :
दोन गोष्टी. लाल केलेल्या जागेचा कारखान्यातला मजबूतपणा जातो, थंड होताना पत्रा असमान आकसतो आणि शेजारचं वेल्ड ताणलं जातं. कड सरळ दिसते, पण गोलाई दुसरीकडे बिघडते. पत्र्याची छोटी रिम थंडच सरळ होते, गॅसची गरज नाही. ज्याला गॅसशिवाय जमत नाही इतका बेंड असेल, ती रिम ठेवायची नाही.

दुसरी गोष्ट जिवाची. टायर चढवलेला असताना रिमला गॅस किंवा वेल्डिंग लावू नका, हवा सोडलेली असली तरीही. आतलं रबर तापून पेट घेणारा वायू सोडतं, दाब चढतो आणि टायर फुटतो. माणसं गेली आहेत अशाने. वाल काढून ठेवला म्हणून धोका टळत नाही.

प्रेसवाला :
हायड्रॉलिक रिम प्रेस असलेल्या दुकानात रिम आधी मधल्या भोकावर पकडून फिरवतात, खडूने उंच-सखल जागा आखतात, मग जॅकने आतून बाहेर ढकलतात. पत्रा थोडा परत येतो, म्हणून कारागीर किंचित पुढे ढकलून सोडतो. हा अंदाज हाताचा आहे, मशीनचा नाही. तिथे उभे राहून दोन गोष्टी मागा : सरळ केल्यावर फिरवून दाखवा, आणि आतली-बाहेरची दोन्ही कड दाखवा. चीर भरून वर रंग मारलेला परत घेऊ नका. चिरलेल्या रिमला वेल्डिंग हा उपाय नाही.

पैशाचा हिशोबही करा. छोट्या गाडीची नवी स्टील रिम अलॉयच्या मानाने स्वस्त. प्रेस, रंग, टायर उतरवणं-चढवणं आणि बॅलन्सिंग मिळून नव्या रिमच्या निम्म्याच्या पुढे जात असेल तर नवीच घ्या.

दर्याकाठ :
कोकण-गोव्याकडच्यांसाठी. इथे बेंडपेक्षा गंज जास्त हवा सोडतो आणि दोष मात्र बेंडवर जातो. साबणाचं पाणी बीडभर, वालच्या बुडाशी आणि ट्रेडवर ओता. बुडबुडे कुठून येतात ते पाहूनच पैसे खर्च करा. गंजलेला पट्टा ८० नंबरने, मग १२० नंबरच्या एमरीने घासा, झिंक प्रायमर आणि पातळ रंग द्या, पूर्ण वाळू द्या. खड्डे पडले असतील तर बीड सीलर लावता येतो, पण तो गंजासाठी आहे, बेंडसाठी नाही. ट्यूबलेस टायरच्या रबराचा वाल याच वेळी बदलून घ्या, किरकोळ खर्च.

ट्यूब टाकून वेळ मारून नेण्याचा सल्ला सर्रास मिळतो. वाकलेल्या कडेशी ट्यूब घासते, तापते, आणि फाटली तर हवा एकदम जाते. गावापर्यंत पोचायला ठीक, कायमचं नको.

जुनाबाजार :
जुनी रिम घेताना फक्त इंच बघून घेऊ नका. चार भोकांच्या रिमला समोरासमोरच्या भोकांचं मध्य ते मध्य अंतर सरळ पट्टीने मोजता येतं. १०० मिलिमीटर आणि ११४.३ मिलिमीटर, दोन्ही मापं छोट्या गाड्यांत सापडतात. शिवाय मधलं भोक, रुंदी (४.५जे, ५जे असं कोरलेलं असतं) आणि ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणाऱ्या भागाचं अंतर) जुळायला हवा. ऑफसेट चुकला तर टायर आत सस्पेन्शनला किंवा बाहेर फेंडरला लागतो. जुन्या ट्यूबवाल्या रिमवर ट्यूबलेस चढवू नका. ट्यूबलेस रिमला बीड आत सरकू नये म्हणून आतल्या बाजूने उंचवटा असतो, तो बोटाने चाचपून पाहा.

कातरवेळ :
किंचित बेंड असलेली, हवा न सोडणारी रिम स्टेपनीला ठेवली तर?

चौथा गिअर :
मर्यादेत असेल तर चालेल, आणि मागच्या चाकालाही चालेल. पण हवा सोडणारी रिम स्टेपनीत म्हणजे गरजेच्या रात्री चपटी स्टेपनी.

हवापाणी :
परत बसवताना : हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) चेहरा आणि रिमचा मागचा भाग तारेच्या ब्रशने साफ. नट जिथे बसतो त्या शंकूच्या जागी रंगाचा जाड थर नको, तो दबला की नट ढिले होतात. नटांना ग्रीस लावायचं नाही. आधी हाताने, मग गाडी उतरवून समोरासमोर क्रमाने दोन टप्प्यांत आवळा. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतं, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. पाइप लावून उड्या मारत आवळण्याने स्टड ताणतात आणि डिस्क वाकते. ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

क्रमही महत्त्वाचा. आधी रिम, मग बॅलन्सिंग, शेवटी अलाइनमेंट. अलाइनमेंटच्या आधी लोअर आर्म, टाय रॉड एंड आणि बेअरिंगला खेळ आहे का ते हलवून पाहायला सांगा. ज्या धक्क्याने रिम वाकली, त्याने आर्म वाकला असेल तर अलाइनमेंटचे पैसे वाया.

प्रेसवाला :
आणि टायर आतून बघा. बाजूला फुगा आलेला असेल तर आतले दोरे तुटलेत, रिम कितीही सरळ झाली तरी तो टायर बाद. बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर हवा भरायची नाही. बसत नसेल तर हवा सोडून, साबण लावून पुन्हा प्रयत्न करायचा.

दर्याकाठ :
हवा कमी असली की रिम लवकर जाते, हे सगळ्यांना ठाऊक. टायरच्या उंचीचं मात्र कोणी बोलत नाही. टियागोचा १५५/८० आर १३ टायर घ्या, त्याची बाजू साधारण १२४ मिलिमीटर उंच. त्याच गाडीचा १७५/६५ आर १४, बाजू ११४च्या आत. म्हणजे खड्ड्याची धार रिमपर्यंत पोचायला एक सेंटिमीटर कमी. मोठी रिम हौसेने चढवणाऱ्यांनी दाबाचा आकडा दारावरच्या स्टिकरवरून नव्या मापाचा घ्यावा, आणि तो टायर थंड असताना भरावा.