व्हॅनमध्ये रात्र काढायची आहे, पुण्याजवळ गाडी कुठे लावावी?

वारजेकर:
नमस्कार मंडळी. आम्ही वारज्याला राहतो, मी, बायको आणि आठ वर्षांची लेक. सेकंडहँड ईको घेतलीये, मागची सीट काढून प्लायचा बेड बसवलाय, खाली भांडी-कपड्यांचे क्रेट, खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी, एवढंच, फार काही केलेलं नाही. डिसेंबरात शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघायचं आणि पाण्याजवळ कुठेतरी शांत जागी गाडीतच झोपायचं असं डोक्यात आहे. धरणाकाठच्या एका टेंटवाल्याकडे जाऊन आलो, रात्री उशिरापर्यंत स्पीकर चालू, लेक रडकुंडीला आली, ते आता परत नको. तर मुळशी-ताम्हिणी, पानशेत किंवा भोरच्या बाजूला चांगली जागा दिसली की लावली गाडी असं चालतं का? पोलीस, फॉरेस्टवाले कोणी हटकतं का? फॅमिली बरोबर असताना सेफ आहे का हा मुख्य प्रश्न. युरोपातले व्हिडिओ भरपूर बघून झालेत, आपल्याकडे ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा प्लीज.

घाटवाट:
चालतं, पण दिसली जागा की लावली गाडी हे डोक्यातून काढा. आपल्याकडे मोकळी दिसणारी जमीन कुणाची ना कुणाची असतेच, एक तर खाजगी मालकीची नाहीतर गायरान, फॉरेस्ट किंवा पाटबंधारे खात्याची. मुळशीचं तर धरणच टाटांचं आहे. फॉरेस्टचा विचारसुद्धा नको, राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं आणि विस्तव करणं दोन्ही १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे आणि ताम्हिणीचा बराच पट्टा २०१३ पासून अभयारण्य आहे. तिथे मध्यरात्री गार्डने उठवलं तर तो त्याचं काम करतोय.

मग करायचं काय, तर गावात जायचं. आणि उजेडात जायचं, हे फार महत्त्वाचं. शुक्रवारी ऑफिसनंतर निघाल्यावर चांदणी चौकातच अंधार पडतो, त्यापेक्षा शनिवारी जेवून निघा आणि पाचच्या आत गाव गाठा. देवळापाशी, पारावर कोणी ना कोणी बसलेलं असतं, त्यांना सरळ सांगायचं, आम्ही तिघं आहोत, गाडीतच झोपणार, दारूबिरू काही नाही, सकाळी नऊपर्यंत निघतो. ते सरपंचांकडे नाहीतर पोलीस पाटलांकडे पाठवतात. पोलीस पाटलांना नाव, गाडीचा नंबर, मोबाईल लिहून द्या आणि त्यांचा नंबर घ्या, मग रात्री कोणी टॉर्च मारत आलं तरी त्यांचं नाव सांगितलं की विषय मिटतो. बऱ्याचदा देवळाचं नाहीतर शाळेचं पटांगण दाखवतात, तिथे नळ जवळ असतो, हाकेच्या अंतरावर घरं असतात. लेक बरोबर आहे म्हटल्यावर निर्जन जागेपेक्षा मी डोळे झाकून हेच निवडेन.

आणि पावसाळ्यात हे सगळं बंद समजा. धरणं-धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात ते एक, पण त्याहून मोठी भीती डोंगराची. २०१४ च्या जुलैमध्ये माळीणला काय झालं ते आपण पाहिलंय. घाटात कड्याखाली गाडी लावून झोपणाऱ्यांचं मला खरंच कळत नाही.

स्पॅनर:
वरचं सगळं बरोबर, मी फक्त गाडीचं बोलतो. सीट काढलीये म्हणताय ते आधी निस्तरा. आरसीवर जेवढं सीटिंग लिहिलंय तेवढं गाडीत पाहिजे, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ तेच सांगतं, नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. उद्या कुठे ठोकली तर इन्शुरन्सवाल्यांच्या हातात आयतं कारण. सीट परत बसवा आणि बेड असा करा की सीट पाडून त्यावर सुटा ठेवता येईल आणि उचलून काढताही येईल, म्हणजे ते सामान झालं, फिटिंग नाही. पूर्ण कॅराव्हॅनच करायची असेल तर मोटार कॅराव्हॅन हा वेगळा प्रकार आहे, त्याला एआयएस-१२४ या वाहन मानकाचे नियम लागतात, ते घरच्या घरी जमणारं काम नाही.

आता हे नीट वाचा. इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपायचं नाही. थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी गाडीत घ्यायची नाही. गॅसवर चहासुद्धा दार उघडून बाहेर, आत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आधी डोकं जड होतं, झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. बॅटरीवरचा अलार्म ऑनलाइन मिळतो तो घ्याच, लहान मूल आहे गाडीत. समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटं उघड्या ठेवा, नाहीतर तिघांच्या श्वासाने काचेला आतून पाणी धरतं आणि पहाटे पांघरुणं दमट लागतात.

पंखा, लाईट गाडीच्या बॅटरीवर नको, सकाळी गाडी सुरू झाली नाही तर गावभर जंपर शोधत फिराल. वेगळी १२ व्होल्ट १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या, म्हणजे साधारण १२०० वॉट-अवर. छोटा पंखा १५-२० वॉटचा असतो, रात्रभर फिरला तरी २०० च्या आत खातो, बाकी मोबाईल-लाईटला रग्गड.

पानशेतची_लेक:
माझं माहेर बॅकवॉटरच्या काठावर आहे म्हणून गावाच्या बाजूने लिहिते. पाणी मागे सरकलं की काठाला सपाट जमीन उघडी पडते, शहरातल्या लोकांना वाटतं किती छान मोकळं मैदान. ते मैदान नाही हो, गाळपेर आहे, पाणी उतरेल तसं लोक त्यात पेरतात. आणि वरून वाळून भेगा पडलेल्या दिसल्या तरी जरा पुढे गेलं की खाली लोण्यासारखा गाळ. चाक एकदा बसलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबाल तेवढं खोल जातं, मग ट्रॅक्टर बोलवायचा आणि तो येणार पेरलेल्या रानातून. खडी किंवा मुरूम दिसेल तिथेच थांबा, पुढे पायी जा पाण्याकडे, लेकीलाही मजा येईल.

दुसरं संडासाचं. कोणी विचारत नाही पण सगळ्यात जास्त राग गावाला त्याचाच येतो. पाण्याच्या कडेला अजिबात बसू नका, भांड्यांचं साबणाचं पाणी पण तिथे ओतू नका. पानशेत-वरसगावचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून पुण्याच्या नळाला, म्हणजे वारज्यात तुमच्याच घरी. शाळा-देवळाजवळ थांबलात तर संडासाची सोय विचारून घ्या, बायामाणसं नाही म्हणत नाहीत, वापरल्यावर बादलीभर पाणी टाकून स्वच्छ करून निघा. सोय नसेलच तर पोर्टेबल कमोड मिळतो, तो गाडीत ठेवा आणि घरी येऊन रिकामा करा. डायपर, पॅड, वेट वाइप्स सगळं पिशवीत बांधून परत न्यायचं, कारण सकाळी ते उचलायला गावात कोणी येत नाही, आमच्या म्हशी तिथेच चरतात.

वारजेकर:
बाप रे, एवढं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. गाळपेर हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. सीट या रविवारीच परत बसवतो, अलार्म ऑर्डर केलाय. ताई, एक विचारायचं राहिलं, गावात पैसे किती द्यायचे? आणि पुढे कधीतरी दिवेआगरला असंच थांबता येईल का, वाळूवर गाडी नेऊन?

पानशेतची_लेक:
जागेचे पैसे सहसा कोणी मागत नाही आणि हातात नोटा कोंबल्या तर म्हाताऱ्या माणसांना अपमान वाटतो. त्यापेक्षा रात्रीचं जेवण गावातच सांगा. पिठलं-भाकरी, ठेचा, मिळाली तर हातसडीच्या तांदळाची खीर, आणि त्याचे मात्र सांगतील तेवढे पैसे द्या, घासाघीस नको. देवळात थांबलात तर दानपेटी आहेच. दुपारीच सांगा हं, आठ वाजता जाऊन तिघांचं जेवण मागितलं तर त्या बाईला परत चूल पेटवावी लागते.

खाडीकाठ:
दिवेआगरला वाळूवर गाडी नेऊ नका, दिवेआगरच काय कुठेच नेऊ नका. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू भरतीचं पाणी खालून शिरलं की सैल होते, आणि झोपेत असताना ते कळणार नाही. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी नेहमीच्या रेषेच्या बरंच वर येतं. गावात घरोघरी जेवणाखाण्याची, राहायची सोय करणारे लोक आहेत, त्यातल्या कुणाच्या वाडीत माडाखाली गाडी लावू का विचारा, फक्त बाथरूम वापरायचे पैसे घेऊन हो म्हणणारे भेटतात. बरोबर माडाच्या खाली नको, जरा बाजूला, रात्री नारळ पडतो. आणि गाडीतून उतरताना चप्पल आधी झटकून बघा आणि टॉर्च लावूनच पाय खाली टाका. कोकणात फुरसं हा विषारी साप असतो, जेमतेम हातभर लांब आणि मातीच्या रंगाचा, दिसत नाही पटकन. निघायच्या आधी जवळचं सरकारी हॉस्पिटल कुठलं ते पण गावात विचारून ठेवा.