कॉम्प्रेसर जाम झाला म्हणून कंडेन्सरही बदलायचा?

वऱ्हाडी_चालक:
नागपूर, मे महिना, गाडी ११ वर्षांची हॅचबॅक. परवा एसी लावताच करकर आवाज आला, मग बेल्ट जळल्याचा वास. मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) जाम झालाय; तो बदलताना कंडेन्सर (गरम गॅस थंड करणारी जाळी), ड्रायर (ओल शोषणारी डबी), एक्स्पान्शन व्हॉल्व्हही (गॅस मोजून पुढे सोडणारा) बदला. माझं स्पष्ट मत आहे, जो पार्ट गेला तोच बदलावा. उन्हाळ्यात गिऱ्हाईक अडलेलं असतं, म्हणून बिल वाढवतात.

पाना_पक्कड:
अजिबात पटलं नाही. कॉम्प्रेसर जाम होताना आत धातूचा चुरा होतो. तो गॅस आणि तेलाबरोबर पुढे सरकतो आणि पहिला अडकतो कंडेन्सरमध्ये. आताच्या कंडेन्सरच्या वाटा इतक्या बारीक असतात की फ्लशिंग करूनही, म्हणजे आतून धुऊनही, चुरा पुरता निघत नाही. मी पैसे वाचवायला नुसता कॉम्प्रेसर बदलला होता. तीन महिन्यांत नवाही गेला. गॅस, मजुरी, सगळं दुसऱ्यांदा भरलं!

सावली_शोधा:
थांबा, आधी खरंच जाम आहे का ते बघा. इंजिन बंद करून कॉम्प्रेसरच्या क्लचची (गिअरच्या नव्हे) पुढची प्लेट हाताने फिरवा. फिरली तर कॉम्प्रेसर जाम नाही. एसी बंद असतानाही आवाज येत असेल, तर बहुतेक पुलीचं बेअरिंग गेलंय. तेवढ्यासाठी अख्खा कॉम्प्रेसर बदललेले लोक मी पाहिलेत, वाईट वाटतं.

वऱ्हाडी_चालक:
प्लेट हलत नाही. पण गेली तीन वर्षं दर एप्रिलमध्ये गॅस भरून घेतोय, तेव्हा कोणी काही बोललं नाही.

पाना_पक्कड:
मग मूळ तिथेच आहे. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, तो लीक होतो. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस कमी झाला की तेल परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा घासतो. लीक न शोधता गॅस भरणाऱ्यावर रागवा, कंडेन्सर बदला म्हणणाऱ्यावर नको. ड्रायर तर बदलाच, सिस्टिम उघडली की तो हवेतली ओल शोषतो.

वऱ्हाडी_चालक:
आज समोर उभं राहून पाइप उघडायला लावला. तेल काळं, बोटावर घेतलं तर चमकत होतं. कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह कबूल. आता तो म्हणतो डॅशबोर्ड उतरवून कूलिंग कॉइलही (गाडीतली हवा गार करणारी) बदलू. ते मात्र मी करणार नाही.

सावली_शोधा:
करूही नका. कॉइलच्या आधी व्हॉल्व्ह आहे, चुरा बहुतेक तिथेच अडतो. कॉइल लीक नसेल तर फ्लश पुरे. गॅस भरण्याआधी निदान अर्धा तास व्हॅक्यूम लावायला (पंपाने आतली हवा आणि ओल ओढायला) सांगा आणि पंप बंद केल्यावर गेजचा काटा टिकतो का ते स्वतः बघा, नाही टिकला तर लीक आहे.