आखाजीचा डाव आणि मोबाईलवरची रमी

यावलचा केळीवाला
ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा आमच्या पारावर बरेच जण चिडले. म्हणे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावोगाव पत्ते चालतात, मग मोबाईलवरच का नको? मला बंदी पटते. आखाजीचा डाव सण सरला की मोडतो. समोर भाऊबंद बसलेले असतात, खिसा रिकामा झाला की कोणीतरी "ऊठ आता" म्हणतं. मोबाईलवर कोण म्हणणार? केळीला पाणी द्यायचं म्हणून रात्रीच्या लाईटीची वाट बघत माणूस मळ्यात एकटाच बसलेला. व्यापाऱ्याचे पैसे नुकतेच खात्यात आलेले. यूपीआयचा पिन टाकला की पुढचा डाव, हरलेले काढायला आणखी हजार. घरच्यांना कळतं ते खतवाल्याची उधारी थकल्यावर.

धुळेकर
भाऊ, आखाजीचं एवढं कौतुक नको. पत्त्यांपायी वावर गेलेली घरं आमच्याकडे आहेत. आणि रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने 1967 च्या निकालातच म्हटलंय. माझ्या कमाईतले पाचशे मी कुठे घालायचे हे सरकारने का ठरवावं? इथल्या कंपन्या निदान केवायसी (ओळखीची कागदपत्रं) घेत, टीडीएस (जिंकलेल्या पैशांवरचा कर) कापत. आता पोरं टेलिग्रामवर लिंका शोधतात. तिथे पैसे अडकले तर तक्रार कोणाकडे करायची?

अमळनेरची ताई
तुम्ही दोघं रमीवरच अडलात. माझ्या शिकवणीतली पोरं बीजीएमआय, म्हणजे मोबाईलवरचा बंदुकीच्या लढाईचा खेळ, खेळतात. चौघांचा स्क्वाड, कानात हेडफोन, "आठे ये रे, आठे!" (इकडे ये रे, इकडे!) असा अहिराणीत गलका. घरचे त्यालाही जुगार समजून फोन हिसकावतात. या बंदीच्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे अशा व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, उलट मान्यता दिलीय, आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकंही होती. माझी हरकत एकच: खेळातल्या बंदुकीच्या रंगासाठी पोरं आईच्या फोनवरून यूसी (त्या खेळातलं चलन) विकत घेतात, त्याला काही मर्यादा हवी.

यावलचा केळीवाला
ताई, पोरांच्या स्क्वाडला माझी ना नाही. धुळेकर, त्याच निकालात पुढे हेही आहे की खेळवणारा डावातून नफा काढत असेल तर तो गुन्हा ठरू शकतो. ॲपवाले प्रत्येक डावातून आपला हिस्सा कापायचेच की! आणि नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड.

धुळेकर
खेळवणारा परदेशात बसलाय, भाऊ. त्याच्यापर्यंत आपलं पोलीस ठाणं पोहोचणार कसं, ते आधी सांगा.