ऊसतोडीला न गेलेल्यांचं संशोधन : गोधडीला विदा (डेटा) धरतात का?

धारूरची लेक:
समाजकार्याला आहे, गाव धारूर तालुक्यात. दसरा झाला की आमच्याकडचे ट्रक भरून ऊसतोडीला जातात. मागं उरतात म्हातारी माणसं आणि ज्यांना कोयता धरवत नाही ती. प्रबंध त्यांच्यावरच करतेय.

विषय घरातलाच आहे. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना वडील घसरले, गुडघा गेला. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. वडील बसले, आई अर्धा कोयता झाली. मुकादमाची उचल, म्हणजे आधीच घेतलेले पैसे, मात्र पूर्ण फेडावी लागली. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर विहिरीत सोडायचे. काठावर ही झुंबड! वडील कुबडीवर, रिकाम्या घागरीपाशी उभे. कुणी ओतलं तर पाणी.

प्रश्नावलीत 'अपंगत्व किती टक्के' विचारलं. 'चाळीस' म्हणाले अन् गप्प. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, आई आली, गोधडीला बसली. तिथं मात्र त्यांनी जुनी पँट आणून दिली. "गुडघ्याचा तुकडा घे, मधोमध लाव." मग दीड तास बोलत होते.

गाइड म्हणतात, याला विदा कसं म्हणायचं? आणि शेजारच्या आजीला दिसत नाही, तिला यात कसं घेऊ?

कळंबकर:
नुसती गोधडी पुरणार नाही. कोणता तुकडा कुणी निवडला, तेव्हा काय बोलणं झालं, हे त्यांच्याच शब्दांत तारखेसकट लिहा. तो विदा. आजीच्या हातात कापड द्या, शिवाय जात्यावरच्या ओव्या विचारा. रेकॉर्ड केलं तर आधी त्यांना ऐकवा, मग ठेवू का म्हणून विचारा.

परळीचा भाऊ:
माझ्या भावाला ऐकू येत नाही. सर्वेक्षणवाले आले की उत्तरं आई देते. तो फक्त मान हलवतो. एकदा त्याला काडीनं मातीत काढायला सांगितलं, तर त्यानं कोपी (ऊसतोडीवरची झोपडी) काढली आणि स्वतःला बाहेर काढलं. घरच्यांना दुभाषी करू नका, एवढी विनंती.
आणि गोधडी शेवटी कुणाकडं राहणार?

धारूरची लेक:
गोधडी वडिलांकडंच राहील, मी फोटो ठेवीन. दादा, तुमचं वाचून काल एकटीच आजीकडं गेले, सुनेला बोलावलं नाही. आजीनं लुगड्याचा काठ चाचपला, म्हणाली, "हे माझ्या पहिल्या कारखान्याच्या सालचं." मग ओवी धरली. अर्ध्यावर थांबली, बाकीची उद्या म्हणाली. आज संध्याकाळी जातेय.